तारामतीपासून वागल्यांच्या घरापर्यंत : दुर्गाबाई खोटे

या दिवाळीच्या सुट्टीत मी उटनूरला घरी गेले होते. आमच्याकडे त्या दिवसांत गोंड गुड्यांमधून दंडारी निघते. मोरपिसांचे मोठ्ठे टोप घातलेले गुस्साडी नाचतात, ढोल वाजतात, आणि त्या मेळ्यात लुगडं नेसून बाईचं सोंग घेतलेली पोरंही असतात. लहानपणापासून बघतेय, पण तिथे बाईचं काम बाई का करत नाही, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. यंदा पडला. कारण मंडळाच्या एकांकिकेत मला आईची भूमिका मिळाली होती आणि घरी ते सांगायचं कसं, हेच कळत नव्हतं.

आमच्या घरी तसं मोकळं वातावरण आहे. बाहेर तेलुगू, घरात मराठी, बाजारात थोडी गोंडी, असं आमचं चालतं. मी शिकायला बाहेरगावी राहते, त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. पण नाटक म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठी पडते. पोरीनं शिकावं, नोकरी करावी. स्टेजवर कशाला उभं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. आजी काही बोलत नाही, पण तिचं न बोलणं बाबांच्याच बाजूचं असतं, असं मला वाटायचं.

एका दुपारी टीव्हीवर 'बिदाई' लागला होता. आजी मान वर करून बघत होती. त्यातली म्हातारी आई पडद्यावर आली तशी आजी म्हणाली की ही बाई आपल्याकडची आहे, मराठी आहे, हिला तिने खूप सिनेमांत पाहिलंय. नाव मात्र तिला आठवेना. मी नाव सांगितलं : दुर्गा खोटे. आणि मग वाटलं, या बाईंची गोष्टच आजीला सांगावी. सुट्टीचे उरलेले दिवस मी ती थोडी थोडी सांगितली. तीच इथे लिहिते आहे.

सुरुवात दुर्गाबाईंच्या आधीपासून करावी लागते. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामासाठी त्यांना बाई मिळाली नाही. त्यांनी पुष्कळ शोध घेतला. सिनेमात काम करणं हे त्या काळी इतकं हलकं मानलं जायचं की कुणीच तयार होईना. शेवटी एका हॉटेलात स्वयंपाकी असलेला अण्णा साळुंके नावाचा तरुण तारामती झाला. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशी दोन्ही कामं केली. मधल्या काळात बायका पडद्यावर आल्याच नाहीत असं नाही. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी आल्या, पुढे आणखीही आल्या. पण शिकल्यासवरल्या, खात्यापित्या घरातल्या बाईने हे काम करावं, ही गोष्ट कुणाच्या मनातही येत नव्हती. ती गोष्ट घडायला जवळजवळ वीस वर्षं जावी लागली, आणि गंमत म्हणजे ती पुन्हा तारामतीच्याच भूमिकेत घडली.

दुर्गाबाईंचा जन्म 14 जानेवारी 1905चा, म्हणजे संक्रांतीचा. माहेरचं आडनाव लाड. घराणं मूळचं गोव्याकडचं, घरात बोली कोकणी, राहणं मुंबईत गिरगावच्या कांदेवाडीत. मोठं एकत्र कुटुंब, पैसाअडका चांगला, घरात पुस्तकं, गाणं, नाटकांची आवड. मुलीला त्यांनी कॅथेड्रल हायस्कूलमध्ये घातलं आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात पाठवलं. आपल्यासारख्या मिशनरी संस्थेत शिकणाऱ्यांना हे वाचून बरं वाटेल. पण 1920च्या आसपास एखादी मराठी मुलगी झेवियर्सच्या वर्गात बसते, ही किती अपूर्वाईची गोष्ट असेल, याचाही विचार करा. इंग्रजीवर त्यांची उत्तम पकड होती. ती पुढे एका फार अनपेक्षित वेळी कामाला आली.

विशीच्या आतच त्यांचं लग्न झालं. खोट्यांचं घर लाडांच्या तोलामोलाचं. पती विश्वनाथ खोटे बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेले इंजिनिअर. बकुल आणि हरीन असे दोन मुलगे झाले. सगळं कसं आखल्यासारखं चाललं होतं. आणि मग सासरची संपत्ती बुडाली. घर एकदम खाली आलं. श्रीमंतीत वाढलेल्या, दोन लहान मुलांच्या आईवर कमवायची पाळी आली.

आज आपण म्हणू, त्यात काय, शिकलेली होती, नोकरी करायची. पण तेव्हा अशा घरातल्या बाईला नोकऱ्या होत्याच कुठे? दुर्गाबाईंनी आधी शिकवण्या धरल्या. त्यातून कितीसे पैसे येणार! अशा वेळी मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातल्या छोट्याशा कामासाठी विचारणा आली. खरं म्हणजे ती विचारणा त्यांच्या बहिणीकडे, शालिनीकडे आली होती. तिने नकार दिला आणि बहिणीचं नाव सुचवलं. दुर्गाबाईंनी होकार दिला तो कलेच्या ओढीने नव्हे, गरजेने. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याला मोठ्या कलावंताची गोष्ट अशी हवी असते की लहानपणापासून तिला अभिनयाचं वेड होतं, स्वप्न होतं वगैरे. इथे तसं काही नव्हतं. घरात पैसे नव्हते, काम मिळत होतं, ते त्यांनी केलं.

'फरेबी जाल' 1931 साली आला आणि दुर्गाबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांचं काम थोडंसंच होतं, पण पूर्ण चित्रपट कसा आहे याची त्यांना कल्पना नव्हती. चित्रपट सुमार निघाला, आणि त्यात एवढ्या मोठ्या घरची सून, म्हणून चर्चा दुप्पट झाली. नातेवाइकांनी नावं ठेवली, समाजाने तोंडसुख घेतलं. दुसरी कुणी असती तर कानाला खडा लावून घरी बसली असती. त्यांच्याही मनात तेच आलं असणार.

पण तो चित्रपट पाहणाऱ्यांत व्ही. शांतारामही होते. कोल्हापूरची 'प्रभात' तेव्हा आपला पहिला बोलपट काढायच्या तयारीत होती. 'आलम आरा' नुकताच येऊन गेला होता आणि पडद्यावरची माणसं बोलायला लागली होती. आता नुसता चेहरा पुरणार नव्हता. भाषा स्वच्छ हवी, उच्चार खणखणीत हवेत, गाताही आलं पाहिजे, कारण पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. नटाने स्वतःच कॅमेऱ्यासमोर गायचं. शांतारामांनी तारामतीसाठी दुर्गाबाईंना विचारलं. एकदा हात पोळलेल्या बाईने पुन्हा त्याच विस्तवाजवळ जायचं होतं. त्या गेल्या.

'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी 1932मध्ये प्रदर्शित झाला. मराठीतला हा पहिला बोलपट. हिंदीतही तो 'अयोध्या का राजा' म्हणून निघाला. म्हणजे एकच प्रसंग मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा, असं दुहेरी काम. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. राज्य गेलेली, बाजारात विकली गेलेली, मुलासाठी तळमळणारी राणी दुर्गाबाईंनी उभी केली. वैभव पाहिलेल्या आणि एका दिवसात ते गमावलेल्या बाईची ही गोष्ट त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं मला राहून राहून वाटतं. चित्रपट तुफान चालला. जे लोक वर्षभरापूर्वी नाकं मुरडत होते, तेच आता तिकिटाच्या रांगेत उभे होते. आणि एकोणीस वर्षांपूर्वी ज्या तारामतीसाठी बाई मिळत नव्हती, ती तारामती आता झेवियर्समध्ये शिकलेली, चांगल्या घरची एक मराठी सून करत होती. पुढे अनेक मध्यमवर्गीय मुलींना घरी सांगायला एक नाव मिळालं. आज ती फिल्म मिळते, बघता येते. बोलपटांच्या अगदी पहिल्या काळातल्या जगलेल्या मोजक्या चित्रपटांपैकी ती आहे.

त्याच वर्षी 'प्रभात'चा 'माया मच्छिंद्र' आला. त्यात त्या स्त्रीराज्याच्या राणी झाल्या. या राणीच्या पायाशी चित्ता असायचा, आणि तो कापडाचा नव्हता, खराखुरा होता. रडणाऱ्या तारामतीनंतर लगेच ही रुबाबदार राणी! दोन्ही एकच बाई आहे हे लोकांना खरं वाटेना.

यानंतर त्यांनी केलेली गोष्ट मला अभिनयाइतकीच धाडसाची वाटते. त्या काळी नटनटी एका स्टुडिओत महिन्याच्या पगारावर असायचे, कारखान्यातल्या कामगारासारखे. दुर्गाबाईंनी स्वतःला एका दावणीला बांधून घेतलं नाही. काम जिथे चांगलं, तिथे त्या गेल्या. अशी मोकळी राहून काम करणारी आपल्याकडची पहिली मोठी अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव घेतात. त्या कलकत्त्याला गेल्या, न्यू थिएटर्ससाठी देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा'त (1933) मीरा झाल्या. मग ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या 'सीता'त (1934) सीता झाल्या. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला तिथे मानपत्र मिळालं. या दोन्ही चित्रपटांत त्यांच्यासोबत होते तरुण पृथ्वीराज कपूर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1936मध्ये त्या पुन्हा 'प्रभात'कडे आल्या. तोवर 'प्रभात' कोल्हापूर सोडून पुण्याला आली होती. जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ती जागा. चित्रपट होता 'अमर ज्योती'. त्यातली सौदामिनी आपल्या मुलाचा ताबा मागते. राज्याचा कायदा तो तिला नाकारतो, कारण ती बाई आहे. मग ती समुद्रात उतरते, चाचेगिरी करते आणि त्या सगळ्या व्यवस्थेविरुद्धच लढाई पुकारते. नव्वद वर्षांपूर्वीचा चित्रपट आहे हा! हाही व्हेनिसला गेला. सौदामिनीचं काम करणारी बाई स्वतः दोन मुलांना एकटीच्या कमाईवर वाढवत होती. वैधव्यही त्यांना लवकरच आलं. प्रेक्षकांना पडद्यावरची सौदामिनी दिसत होती, पडद्यामागची किती जणांना दिसली असेल?

वय वाढत गेलं तशा भूमिका बदलल्या. इथेही त्यांनी कुरकुर केली नाही. आचार्य अत्रे यांच्या 'पायाची दासी'त (1941) त्या खाष्ट सासू झाल्या, तेव्हा त्यांचं वय पुरतं सदतीसही नव्हतं. नायिकेचं काम करू शकणाऱ्या बाईने सासू व्हायचं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं, असं कुणालाही वाटलं असतं. पण ती सासू अशी गाजली की त्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. 'भरत मिलाप'मधल्या (1942) कैकेयीसाठी पुन्हा तोच मान मिळाला. सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये (1943) त्या गर्विष्ठ मृणालवती झाल्या. तारामती, मीरा, सीता करून झाल्यावर सासू, कैकेयी आणि मृणालवती. लोकांच्या नजरेत देवी होऊन बसायची सोय असताना त्यांनी लोकांच्या शिव्या खाणारी कामं घेतली.

आता नाटकाकडे येते, कारण माझा प्रश्न तिथलाच होता. साधारण समज असा की नाटकात नाव झालं की माणूस सिनेमात जातो. दुर्गाबाईंचं उलट झालं. सिनेमातलं नाव पक्कं झाल्यावर त्या रंगभूमीवर उतरल्या. काही काळ 'इप्टा'शी त्यांचा संबंध होता. आणि मुख्य म्हणजे मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्यांनी कामं केली. मराठी रंगभूमीला तेव्हा वाईट दिवस आले होते. बोलपटांनी प्रेक्षक ओढून नेला होता, कंपन्या मोडल्या होत्या. साहित्य संघाने डॉ. अमृत नारायण भालेराव यांच्या पुढाकाराने नाट्यमहोत्सव भरवून ती पुन्हा उभी करायची खटपट चालवली होती. ज्या बोलपटाने नाटकाला मारलं असं लोक म्हणायचे, त्या बोलपटाची तारका नाटकाच्या मदतीला आली.

खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई झाल्या. ध चा मा करणारी आनंदीबाई आपल्याला शाळेपासून ठाऊक असते, पण ठाऊक असलेल्या माणसालाच रंगमंचावर पुन्हा खरं करून दाखवायचं असतं. समोर राघोबांच्या भूमिकेत नानासाहेब फाटक, म्हणजे रंगभूमीवरचा सिंहच.

मग 1954 साली 'राजमुकुट' आलं. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चं हे मराठी रूप वि. वा. शिरवाडकरांनी, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांनी केलं. दिग्दर्शक होते हर्बर्ट मार्शल, इंग्रज माणूस. नानासाहेब फाटक मॅकबेथ, आणि दुर्गाबाई लेडी मॅकबेथ. आपल्यापैकी ज्यांनी इंग्रजीच्या पेपरसाठी 'मॅकबेथ' वाचलंय, त्यांना माहीत आहे ही बाई काय आहे ते. स्कॉटलंडच्या किल्ल्यातली ती महत्त्वाकांक्षी बाई गिरगावात वाढलेल्या एका मराठी बाईने मराठीत उभी केली, आणि तीही एकोणपन्नासाव्या वर्षी. इंग्रज दिग्दर्शक, इंग्रजी मूळ नाटक आणि मराठी संहिता. अशा ठिकाणी झेवियर्समधलं ते इंग्रजी कामाला आलं असणार. पण त्याहून मोठी गोष्ट ही की नाटकात चुकलेलं कापून टाकता येत नाही. वीसहून अधिक वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या बाईने रोज पडदा वर जाताना नव्याने परीक्षेला बसायचं ठरवलं. 1958 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1968 साली पद्मश्री मिळाली.

आपल्या आईबाबांच्या पिढीला मात्र दुर्गाबाई आठवतात त्या पडद्यावरची आई म्हणून. 'मुघल-ए-आझम'मध्ये (1960) त्या जोधाबाई होत्या, बादशहा नवरा आणि बंडखोर मुलगा यांच्यात चिरडली जाणारी आई. अकबर होते पृथ्वीराज कपूर. 'सीता'तले राम आणि सीता सव्वीस वर्षांनी अकबर आणि जोधा होऊन समोरासमोर उभे होते. त्यानंतर पृथ्वीराजांचे चिरंजीव राज कपूर यांनी 'बॉबी' (1973) काढला, आणि त्यात नातू ऋषी कपूर नायक होता. त्यात दुर्गाबाई बॉबीच्या आजी, मिसेस ब्रिगँझा झाल्या. साधीसुधी, प्रेमळ, गोव्याकडची ख्रिस्ती आजी. मूळ गोव्याच्या लाडांच्या लेकीला ही आजी परकी वाटली नसेल. सात वर्षांनी 'कर्ज'मध्ये त्या पुन्हा ऋषीच्या चित्रपटात होत्या, मागच्या जन्मातल्या आईच्या भूमिकेत. कपूरांच्या तीन पिढ्या त्यांनी पाहिल्या. मध्ये 'बावर्ची', 'अभिमान', 'नमक हराम' झाले. आणि आमच्या आजीला आवडणारा 'बिदाई' (1974), ज्यासाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. तो चित्रपट एल. व्ही. प्रसाद यांचा, आमच्या तेलुगू मुलखातल्या माणसाचा. हे सांगितल्यावर आजीने अशी मान हलवली, जणू तिला ते आधीपासूनच माहीत होतं.

दुर्गाबाई नुसत्या नटी राहिल्या नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि लघुपट, माहितीपट, जाहिरातपट तयार केले. कॅमेऱ्यापुढे उभं राहणं आणि कॅमेऱ्यामागचा हिशेब सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी दुसरीही शिकून घेतली. मग दूरदर्शनचे दिवस आले. 1988 साली 'वागले की दुनिया' ही मालिका सुरू झाली. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाच्या कल्पनेवरची ही मालिका, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, वागल्यांच्या भूमिकेत अंजन श्रीवास्तव, आणि निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. बाबा सांगतात, तेव्हा आमच्या गल्लीत ज्या एका घरी टीव्ही होता, तिथे ओसरीपर्यंत माणसं बसायची. अँटेना फिरवायला एक पोरगा पत्र्यावर चढलेला असायचा. तो पोरगा म्हणजे आमचे बाबाच! मालिकेच्या नावांमध्ये दुर्गा खोटे हे नाव यायचं, पण ती तारामती, ती जोधाबाई आणि ही निर्माती एकच आहे, हे बाबांना यंदा माझ्याकडून कळलं.

जरा हिशेब करा. तारामती झाल्या तेव्हा बोलपट नवा होता. रंगभूमीवर उतरल्या तेव्हा त्या माध्यमात त्या नव्या होत्या. दूरदर्शनची मालिका आली तेव्हा त्यांचं वय 83 होतं आणि घराघरातला टीव्ही नवा होता. दर वेळी नवं दार उघडलं की या बाई उंबरठ्यावर हजर! सुमारे पन्नास वर्षं आणि दोनशेच्या आसपास चित्रपट, हा आकडा सगळे सांगतात. पण आकड्यापेक्षा मला हे नवशिकं व्हायला न लाजणं मोठं वाटतं.

घरातही कलेचा वारसा होता. दीर नंदू खोटे नाटक-सिनेमात होते. शुभा खोटे आणि 'शोले'तला कालिया, म्हणजे विजू खोटे, ही त्यांची मुलं. रंगभूमीवरच्या थोर दिग्दर्शिका विजया मेहता यांचं पहिलं लग्न दुर्गाबाईंच्या धाकट्या मुलाशी, हरीनशी झालं होतं. हा हरीन अकाली गेला. ज्या दोन पोरांसाठी आई घराबाहेर पडली होती, त्यांतला एक आईच्या डोळ्यांदेखत गेला. पडद्यावर मुलासाठी आक्रोश करणारी तारामती त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी केली होती. हे दुःख मात्र कुठल्या संहितेतलं नव्हतं.

आपलं आयुष्य त्यांनी 'मी, दुर्गा खोटे' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलं. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवादही केला आहे.

1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार दुर्गाबाईंना मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या चौथ्या अभिनेत्री. आधी देविका राणी, सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, आणि कानन देवी. आदल्या वर्षी तो मिळाला होता एल. व्ही. प्रसादांना, आणि दुर्गाबाईंना पडद्यावर उभं करणाऱ्या शांतारामांना तो मिळाला त्यांच्यानंतर दोन वर्षांनी, 1985चा. मला यात एक वर्तुळ पूर्ण झालेलं दिसतं. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान एका तारामतीला मिळाला. 22 सप्टेंबर 1991 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. 2013 साली भारतीय सिनेमाला शंभर वर्षं झाली, तेव्हा टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

एवढी सगळी गोष्ट मी आजीला चार-पाच दिवसांत सांगितली. कधी शेंगा फोडताना, कधी रात्री अंगणात. ती ऐकून घेई, मध्ये बोलत नसे. गोष्ट संपली त्या रात्री तिने एकच विचारलं. पहिल्या सिनेमावरून एवढे लोक बोलले, तेव्हा त्या पोरीच्या बाजूने घरातलं कोण उभं राहिलं होतं?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी शांतारामांचं नाव घेतलं. आजी म्हणाली की ते कामाचे मालक झाले, मी घरातलं विचारतेय. आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला बसस्टँडवर सोडायला निघाले. मी एकांकिकेचा विषय काढायचं धाडस करत होते, तेवढ्यात बाबांनीच विचारलं की तालमी रात्री किती वाजेपर्यंत चालतात. मी म्हटलं, सातपर्यंत. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आठी होतीच कपाळावर, ती काही गेली नव्हती. गाडी लागली, मी बसले, पिशवी मांडीवर घेतली तर ती जड लागली. उघडून पाहिली. वर चिवडा, शंकरपाळे. आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आजीचं हिरवं नऊवारी लुगडं.

एकांकिकेतली आई तेच नेसणार आहे.